तिसरा धडा सुखरूप पार पाडण्याविषयी

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकातला तिसरा, म्हणजे प्रजननाचा, धडा शिकवण्याची वेळ आपल्यावर आली असेल, तर प्रथम घाबरून जाऊ नये. आपल्या आधीच्या अनेकांनी हा धडा न शिकवता पूर्ण केलेला आहे आणि दैनंदिनीत तो ‘झाला’ असाच नोंदवलेला आहे. पुस्तकानेही आपली सोय पाहिलेली आहे, कारण माणसापर्यंत पोहोचण्याआधी त्यात बराच मोठा वळसा आहे. अमीबाचे द्विविभाजन सावकाश, दोन तासिका पुरवून शिकवावे. हायड्राच्या मुकुलायनाला आणखी एक तासिका द्यावी. त्यानंतर जास्वंद येते, आणि तिथे मात्र अजिबात घाई करू नये. फूल वर्गात आणावे, पुंकेसर आणि कुक्षी बोटांनी वेगळे करून दाखवावेत, परागनलिका कुक्षीवृंतातून उतरत बीजांडापर्यंत कशी जाते ते फळ्यावर रंगीत खडूंनी काढावे, आणि जास्वंदीच्या खासगी आयुष्याचा इतका तपशील द्यावा की माणसाची पाळी येण्याआधीच घंटा व्हावी. (‘पाळी’ हा शब्द वर्गात वापरू नये, ‘क्रम’ म्हणावे.)

मग पुस्तक मिटून एवढेच सांगावे : “पुढचं सोपं आहे, घरी वाचून या.” आमच्या शाळेत हेच वाक्य ऐकले होते. वर्षभरात गुरुजींनी सोपा म्हटलेला तो एकमेव भाग होता, आणि खबरदारी म्हणून त्यांनी वर्गाच्या सामाईक प्रतीतली ती दोन पाने स्टेपलरच्या चार पिनांनी टाचून ठेवली होती. संपूर्ण वर्गाने, अगदी शेवटच्या बाकासह, स्वखुशीने वाचलेला तेवढाच मजकूर होता. पिना कंपासपेटीतल्या कर्कटकाने काढल्या गेल्या आणि त्याच भोकांत परत बसवल्या गेल्या. मात्र वाचून जे समजले नाही ते विचारायचे कोणाला, हा प्रश्न त्या पिनांनी कायमचा मिटवला.

नावांच्या बाबतीत आपण विशेष दक्ष राहावे. पुस्तकात अवयवांना जी नावे आहेत ती घरात कोणी उच्चारत नाही आणि घरात जी उच्चारली जातात ती पुस्तकात नाहीत. ही व्यवस्था बिघडू देऊ नये. आजोबांना रात्री चार वेळा उठावे लागते आणि डॉक्टर ‘प्रोस्टेट’ म्हणतात, तेव्हा ही तीच पुरःस्थ ग्रंथी, जिचे नाव आपण पाठ करून एक गुण मिळवला होता, हे कोणाच्या लक्षात येता कामा नये. स्त्रियांच्या बाबतीत तर काम आणखी सोपे आहे. योनी, गर्भाशयमुख, गर्भाशय, अंडनलिका आणि अंडाशय एवढे निरनिराळे भाग असताना ‘पिशवी’ आणि ‘खालची जागा’ या दोन शब्दांत सगळे भागवावे. मूत्रमार्ग आणि योनीमार्ग ही दोन वेगळी द्वारे आहेत, हेही सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांनी “नक्की कुठे दुखतं?” असे विचारले, तर “तिथेच” हे उत्तर आपल्याकडे पिढीजात चालत आलेले आहे.

‘पिशवी’ या शब्दाचा एक मोठा फायदा आहे. गर्भाशय म्हटले की तो साडेसात सेंटिमीटर लांबीचा, जाड स्नायूंचा, पेरूएवढा असून नऊ महिन्यांत पूर्ण वाढीचे मूल सामावून घेणारा एक अवयव ठरतो, आणि तो काढायचा तर निदान कारण विचारावे लागते. पिशवीचे तसे नसते. रिकामी झाली, काम संपले, टाकून दिली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांना हे फार लवकर समजावण्यात आले. पाळीमुळे खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले तर तिथे ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असे ऐकायला मिळणार. २०१९ साली त्या जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत अंडाशयही गेले तर पाळी तर थांबतेच, पण हाडेही अकाली ठिसूळ होऊ लागतात. मात्र अंडाशय हा शब्दच ठाऊक नसल्यावर ते गेल्याची तक्रार कोण करणार?

लग्नानंतर मूल होत नसेल, तर तपासणीचा परंपरागत क्रम मोडू नये. आधी सुनेची सोनोग्राफी, मग तिच्या अंडनलिकांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, मग दुर्बिणीची तपासणी, मग कुलदैवत. जावयाच्या वीर्याची तपासणी अगदी शेवटी ठेवावी, कारण ती स्वस्त आहे, तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची डबी पुरते आणि तिच्यातून काहीतरी निष्पन्न होण्याचा धोका असतो. तसेच आईकडे द्यायला केवळ एक्स गुणसूत्र असते आणि वाय आले तर ते बापाकडूनच येते, ही माहिती परीक्षेपुरतीच राहू द्यावी. ती सासूबाईंपर्यंत पोहोचली तर तिसऱ्या मुलीनंतर बोलायचे कोणाला, असा पेच उभा राहील.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेतही शरीररचना मध्ये आणू नये. शुक्रवाहिनी वृषणकोशाच्या त्वचेखाली लगेच हाताला लागते, तेवढीच जागा बधिर करून पंधरावीस मिनिटांत काम होते. अंडनलिका पोटाच्या आत असतात. म्हणूनच आपण पोट उघडणे पसंत करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के भरले आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. नसबंदीने ‘कमजोरी’ येते, हे आपले अनुभवसिद्ध मत आहे; अनुभव ०.३ टक्क्यांचा असला म्हणून काय झाले? वृषणातले संप्रेरक शुक्रवाहिनीतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळते, आणि वीर्यात शुक्रपेशींचा वाटा जेमतेम काही टक्क्यांचा असल्यामुळे बाहेरून फरकही कळत नाही. पण अशा तपशिलांत शिरले की पुरुषाला टेबलावर झोपावे लागते.

एवढे करूनही नावे उच्चारण्याची ऊर्मी येत असेल, तर रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण करावी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले, तरीही निकाल विरुद्ध गेला. आपल्या बाजूने कोण उभे राहणार? आपण भले आणि आपली जास्वंद भली. २००७ साली राज्य सरकारनेच शाळांतल्या किशोरवयीन लैंगिक शिक्षणाला बंदी घातली होती, हा आधारही हाताशी असू द्यावा.

राहता राहिली परीक्षा. तिथे ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असे विचारतात, आणि ही आकृती आपल्या हिताची आहे, कारण तिच्याभोवती शरीर नसते. कागदाच्या मध्यभागी एक उलटा पेरू, दोन बाजूंना दोन वाकड्या नळ्या आणि त्यांच्या टोकांशी दोन बदाम, असा तो मामला असतो. आमच्या भाचीने ती गेल्या वर्षी पेन्सिलीने इतकी देखणी काढली की पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि बाईंनी ती वही दुसऱ्या तुकडीत फिरवली. पंधरा दिवसांनी तिच्या ओटीपोटात उजवीकडे कळ आली, तेव्हा गरम पाण्याची पिशवी धरून बसलेल्या आईला तिने हळूच विचारले, “आई, ती आकृती आपल्यात कुठे असते गं?”

आई म्हणाली, “ते बारावीला असतं. आता झोप.”