पोपच्या भाषणाने युरोप एक झाला नव्हता

‘१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं. पोप पायस दुसरे यांनी मांतुआत एकच भाषण दिलं आणि अख्खा ख्रिस्ती युरोप एक झाला. एकही फितूर निघाला नाही. तुर्क पुन्हा पुढे सरकले नाहीत.’ हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. आता माझ्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घेतलाय, म्हणून लिहितोय.

कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याची राजधानी; ते ऑटोमन तुर्कांनी जिंकलं होतं. त्यांच्याविरुद्ध मोहीम काढण्यासाठी पोपनी इटलीतल्या मांतुआत बोलावलेली परिषद १ जून १४५९ला सुरू झाली, तेव्हा राजेरजवाडे आलेच नव्हते. पोप उन्हाळाभर वाट पाहत बसले आणि भाषण झालं २६ सप्टेंबरला. पवित्र रोमन साम्राज्याचा (मुख्यतः जर्मन प्रदेशांचा) सम्राट फ्रेडरिक तिसरा स्वतः फिरकला नाही, त्याने वकील धाडले. भाषण उत्तमच होतं, पोप कसलेले वक्ते होते. पण पहिल्या धर्मयुद्धाचे (क्रुसेडचे) सरदार आज इथे असते तर मला इतकं बोलावंच लागलं नसतं, असं त्यांनी त्या भाषणातच सुनावलं. सैन्य काही जमलं नाही. शेवटी १४६४ मध्ये ते आजारी अवस्थेत स्वतःच इटलीतल्या अँकोना बंदरात गेले, व्हेनिसच्या आरमाराची वाट पाहिली आणि ऑगस्टमध्ये तिथेच वारले. मोहीम तिथेच संपली.

ही एकी किती पोकळ होती, हे खुद्द पायस यांच्याकडूनच ऐका. पोप होण्याआधी, जुलै १४५४ मध्ये, एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की ख्रिस्ती जगाला सगळे ऐकतील असा प्रमुखच नाही, पोप आणि सम्राट नुसते नावाचे, आणि घरं तितके राजे. एकीचा दावा करणाऱ्याने आधी हे पत्र वाचावं.

फितुरीबद्दल फार लिहायची गरज नाही. कॉन्स्टँटिनोपलची तटबंदी फोडणारी अवाढव्य तोफ ऊर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतली होती. व्हेनिसने १४५४ मध्येच सुलतानाशी तह करून व्यापार सांभाळला. पुढे फ्रान्सच्या राजाने तर १५४३ च्या हिवाळ्यात तुर्की आरमाराला तुलाँ बंदरच मोकळं करून दिलं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. भाषणांनी माणसं उठली, पण ती बेलग्रेडला, १४५६ मध्ये, मांतुआच्या तीन वर्षं आधी. जोव्हान्नी दा कापिस्त्रानो या संन्याशाच्या प्रवचनांनी साधी माणसं, शेतकरी जमले आणि हंगेरीचा सेनापती हुन्यादी याच्या सैन्याबरोबर लढून त्यांनी शहर राखलं. तेच बेलग्रेड तुर्की सुलतान सुलेमानाने १५२१ मध्ये घेतलं. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मारला गेला आणि १५२९ मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या तटापर्यंत पोहोचले.