२१ फुटांचा ‘नियम’ कायद्यात नाही, मैदानातही नाही

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: “चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की गोळी झाडायची कायद्याने मुभा आहे. त्यापलीकडे असेल तर धोका नाही. पिस्तूल झटकन काढता आलं पाहिजे, एक गोळी पुरते.” अमेरिकेतले आपले मराठी लोकही तो पुढे पाठवतात. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि यावर विसंबलं तर जीव जाईल, आपला किंवा दुसऱ्याचा.

हा आकडा आला सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांतून. तिथले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी धावणाऱ्यांची वेळ मोजली. धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर, सुमारे दीड सेकंदात पार करतो. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढून दोन गोळ्या नेमक्या बसवायला सराव झालेल्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. १९८३ साली त्यांनी हे लिहिलं ते पोलिसांना सावध करायला. गोळी कधी झाडावी याचं माप त्यांनी दिलंच नव्हतं.

म्हणजे २१ फुटांवर बरोबरी होते, आणि तीही सगळं सुरळीत झालं तर. सरावात हल्ला होणार हे आधीच ठाऊक असतं. रस्त्यावर आधी धोका कळायला हवा, मग पिस्तूल झाकणारा शर्ट वर ओढायचा, मूठ नीट बसवायची, मग नळी वर यायची. शर्टाचं टोक मुठीत अडकलं की संपलंच. तेव्हा २५ किंवा ३० फुटांवरचा चाकूवालाही निर्धोक नाही.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर खटल्यात पोलिसांच्या बळाला कसोटी लावली ती त्या क्षणीच्या परिस्थितीत वाजवी काय, याची. फुटांची नव्हे. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये अंतराचा उल्लेख नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, एवढं मात्र स्पष्ट आहे.

“एक गोळी पुरते” हे सगळ्यांत घातक. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या गोळीने दरोडेखोर मायकेल प्लॅटचा दंड भेदून फुप्फुस फाडलं आणि ती हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, तरी तो लढत राहिला. त्या चकमकीत दोन एजंट मारले गेले.

मग शिकायचं काय? आधी पाय हलवायला. बाजूला सरका, मध्ये गाडी किंवा टेबल आणा, ओरडा, वाट असेल तर निघा. हल्लेखोराला वळसा घालावा लागला की तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. कागदी लक्ष्यासमोर खिळल्यासारखं उभं राहून हे अंगवळणी पडत नाही. अमेरिकी पोलीस अधिकाऱ्यांच्या ‘पर्फ’ या संस्थेने २०१६ मध्येच २१ फुटांची शिकवण सोडून अंतर आणि आडोसा वापरून वेळ मिळवायला शिकवा, असं सांगितलं आहे.