चिंगूस माणसाला उधळ्या करणारा काढा: कृती आणि पथ्य

तुमच्या घरात एक तरी चिंगूस माणूस असणारच. काका, आत्याचे यजमान, कोणीही. माझ्याकडे मामा होता. होता म्हणजे आहे, ठणठणीत आहे, फक्त आता चिंगूस राहिलेला नाही. औषधाने बरा झाला. औषध मीच पाजलं, म्हणून कृती अनुभवाने सांगतो.

रोगी नीट निवडा. नुसता काटकसरी चालत नाही, मुरलेला हवा. आमचा मामा पोस्टातून निवृत्त झालेला. दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर चिमटा लावून वाळत घालणारा. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिणारा. टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने उभी कापून आत ब्रश फिरवणारा. डोंबिवली स्टेशनवरून घरी चालत यायचा आणि वर म्हणायचा, "पाय मोकळे होतात." पाचशेची नोट मोडायची वेळ आली की त्याचा चेहरा असा व्हायचा, की दुकानदारच म्हणायचा, राहू द्या काका, उद्या द्या.

पहिली मात्रा यूपीआयची. २०१६ पासून बाजारात आहे, सहज मिळते. नोट हातातून जाताना दुखतं, फोन 'टिंग' वाजला तर दुखत नाही. औषधाचं सगळं मर्म एवढंच. मामाला पहिल्याच दिवशी स्क्रॅच कार्डात सात रुपये कॅशबॅक मिळाला. त्याने झोपलेल्या मामीला उठवून दाखवला. त्या सात रुपयांच्या नादात महिन्याभरात त्याने काय काय मागवलं, ते मामीला विचारा. लसूण सोलायचं यंत्र तीनदा आलं.

अनुपान: दसरा-दिवाळीचा सेल.

पथ्य: कॅल्क्युलेटर वर्ज्य.

आता मुख्य घटक. हा बाजारात मिळत नाही, तो तुमच्या खिशातून काढावा लागतो. तुमचं क्रेडिट कार्ड. रात्री साडेअकराला फोन येतो, "अरे, तुझ्या बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट आहे. फक्त नंबर दे, ओटीपी आला की सांग." तुम्ही सांगायचा. नातं आहे. लहानपणी त्याने तुम्हाला जत्रेत पाळण्यात बसवलेलं असतं (तेही अर्ध्या तिकिटात, मांडीवर घेऊन).

६४,९९० रुपयांचा टीव्ही. दहा टक्के म्हणजे साडेसहा हजार वाचले, असं मामा सोसायटीभर सांगून आला. आकड्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी होती, ती त्याने पाहिली नाही. चांदणीखाली लिहिलं होतं: कमाल सूट ३,००० रुपये. जो माणूस वाण्याच्या बिलातली चार आण्यांची चूक उलट्या कागदावरून वाचायचा, त्याला चांदणी दिसली नाही. याला म्हणतात औषधाचा गुण.

उरलेल्या ६१,९९० चे बारा हप्ते. 'नो कॉस्ट', म्हणे बिनव्याजी. म्हणजे महिना ५,१६६. "दिवसाला पावणेदोनशे पण नाही रे, एका थाळीचे पैसे!" हे बोलणाऱ्या माणसाने जन्मात कधी हॉटेलात थाळी खाल्लेली नाही. नो कॉस्टला कॉस्ट किती? प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २३४ रुपये ८२ पैसे. शिवाय व्याज सूट म्हणून परत करतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी दर महिन्याला आपणच भरायचा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलंय. पण ते परिपत्रक सेलच्या पानावर कोण लावणार?

दोन हप्ते वेळेवर आले. तिसऱ्याला "पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो". मी वाट पाहिली, बिल पूर्ण भरलं नाही, आणि दंड लागला. तेवढ्यावर भागत नाही. थोडी जरी बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते. माझ्या किराण्यावर, माझ्या पोराच्या बुटांवर, खरेदीच्या तारखेपासून महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज. म्हणजे वर्षाला ४२ टक्के! हाच मामा आरडीवरच्या पाव टक्क्यासाठी पोस्टात तासभर हुज्जत घालायचा ना? आणि बँकेतून रोज दोनदा फोन मला. सिबिल, म्हणजे कर्जफेडीतली पत, खराब होणार माझं. टीव्ही मात्र त्याच्याकडे, दहा फुटी हॉलमध्ये. मामी बिचारी सासू-सुनेची तीच मालिका आता मान दुखवून बघते.

रविवारी गेलो विचारायला. नव्या टीव्हीखाली जुन्याचं क्रोशाचं कव्हर अंथरलेलं. मामाने बाहेरून मागवलेला चहा पुढे ठेवला. घरी गॅस असताना! आणि म्हणाला, "पैशाचं काय एवढं घेऊन बसलायस? फार चिंगूस झालास हं तू."

काढा वगैरे गेला खड्ड्यात. मामा, सरळ सांगतो. सूट तुझी, टीव्ही तुझा आणि दंड माझा, हा कुठला हिशेब? चाळीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांच्या पासबुकातला एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस, आणि भाच्याचे पाच हजार तुला आठवत नाहीत? आणि तुम्ही, हे वाचून हसणारे, तुमच्याही फोनवर आज रात्री "ओटीपी आला का?" येणार आहे. लाजेकाजेस्तव देणार आहात. नका देऊ! तोंड वाजवून नाही म्हणा. माझं सिबिल गेलं, तुमचं तरी सांभाळा.

मामा, तीन हप्ते थकलेत. १५,४९८ रुपये, दंड आणि व्याज वेगळं. पाच तारीख एवढ्या मोठ्या टीव्हीवर दिसत नसेल, तर शेजारच्या खिळ्यावरचं कॅलेंडर बघ. तेही तू बँकेतून फुकट आणलेलं आहेस.