प्लास्टिकचा देवमासा कसा उभारावा

पर्यावरण सप्ताह आला की प्रदर्शनाच्या दारात बाटल्यांचा देवमासा उभा राहतोच. पोटात एलईडी, शेपटीवर प्रायोजकाचा लोगो. नुकताच असा एक पाहण्यात आला. तुमच्या संस्थेलाही हवाच असणार, म्हणून ही कृती.

बाटल्या कचऱ्यातल्या घेऊ नका, वास येतो. पाण्याचे नवे खोके मागवा, पाणी कुंड्यांना घाला.

सांगाडा ८ मिमी सळयांचा, वर कोंबडीजाळी. बाटल्या बाइंडिंग वायरने बांधल्या तर नंतर सोडवता येतात, म्हणून ते टाळा. ग्लू गनच घ्या. गरम गोंदाने पातळ बाटली आक्रसते, गुळगुळीत पीईटीला, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकला, तो नीट धरतही नाही. उन्हात बाटल्या गळाल्या की पुन्हा चिकटवा.

बाटल्यांची तोंडं वर ठेवा. पावसात डासांचीही सोय व्हावी.

पाठीवर ग्लिटर हवंच. समुद्रातलं बारीक प्लास्टिक दाखवायला आणखी बारीक प्लास्टिक!

आता रंग. पारदर्शक बाटलीला भंगारात भाव असतो. तिचे तुकडे करून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात. लेबलाचा गोंद सुटतो, झाकणाचे तुकडे तरंगतात, पीईटी तळाशी बसतं, पुढे त्याचा धागा होतो. एवढी नीट लागलेली साखळी तुम्ही निळ्या स्प्रेच्या दोन हातांत मोडता. तो रंग धुऊन पुरता जात नाही, वितळवलेला माल काळपट होतो, म्हणून भंगारवाला अशी बाटली घेतच नाही. म्हणजे जी वस्तू कचरावेचक बाईला चार पैसे देणार होती, तिचा कचरा तुम्ही केलात, आणि वर फलक लावलात: ‘कचऱ्यातून कला’!

आणि वेफर्सची पाकिटं, शांपूचे पाउच कुठे आहेत त्या देवमाशात? एकमेकांना चिकटवलेले प्लास्टिकचे थर, कित्येकदा मध्ये अ‍ॅल्युमिनियम. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून ही पाकिटं कुणी वेचत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जातात, नाहीतर नाल्यात. खरा विषय तोच होता. पण त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं ना! प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली, आणि तुम्ही प्लास्टिक न वापरण्याची शपथ घ्यायला लावता चौथीतल्या पोरांना. लाज वाटायला हवी.

एवढी हौस असेल तर बाटल्या वापरलेल्याच घ्या, न रंगवता तारेने बांधा, आठवडा संपला की सोडवून भंगारात द्या. पोटात ती पाकिटं भरा, नावं बाहेरून वाचता येतील अशी. प्रायोजक पळाला तर पळू द्या.