एलिया लेवीटा आणि अक्षरांखालचे ठिपके

मोडी शिकताना सुरुवातीला मला ऱ्हस्व-दीर्घाचा फार त्रास झाला. मोडीत तो भेदच नाही. 'दिन' की 'दीन', हे मागचं-पुढचं वाचून ठरवायचं. पुढे हिब्रूबद्दल वाचलं तेव्हा कळलं की तिथे याहून कठीण काम आहे. मूळ लिहिणं जवळजवळ नुसत्या व्यंजनांचं. आपल्या काना-मात्रा-वेलांटीचं काम करतात ते अक्षरांच्या खाली-वर दिलेले बारीक ठिपके आणि रेघा. हे ठिपके कोणी दिले, यावर युरोपात शंभराहून जास्त वर्षं भांडण चाललं. ते ज्याच्या पुस्तकामुळे पेटलं तो माणूस गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

एलिया लेवीटा. जन्म 1469, न्यूरेंबर्गच्या जवळचा. पोटासाठी इटलीत आला आणि हिब्रू शिकवू लागला. बायबल मुळातून वाचायची ओढ तेव्हा ख्रिस्ती पंडितांना लागली होती, आणि ती भाषा येत होती ज्यूंना. रोममध्ये एगिडिओ दा वितेर्बो या बड्या धर्मगुरूने (हा पुढे कार्डिनल झाला) एलियाला बायकामुलांसकट आपल्या घरी ठेवून घेतलं. एलिया त्याला हिब्रू शिकवी, तो एलियाला ग्रीक. दहाहून जास्त वर्षं हे चाललं. 1527 मध्ये सैन्याने रोम लुटलं, त्यात एलियाची हस्तलिखितंही गेली. मग तो व्हेनिसला डॅनिएल बॉम्बेर्गच्या छापखान्यात मुद्रितं तपासू लागला. बॉम्बेर्ग ख्रिस्ती. ज्यूंचा ताल्मुद, म्हणजे धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, पहिल्यांदा संपूर्ण छापला तो त्याने, आणि त्याने पाडलेल्या पानांचेच क्रमांक आजही जगभर चालतात! त्याच व्हेनिसमध्ये 1516 पासून ज्यूंना रात्री घेट्टोची, म्हणजे त्यांच्या वेगळ्या वस्तीची, दारं लावून कोंडत होते.

म्हणून या देवाणघेवाणीला कोणी सहिष्णुतेचं सुवर्णयुग म्हटलं की मला राग येतो. ख्रिस्ती पंडितांना ज्यूंची विद्या हवी होती, शेजार नको होता. फ्रान्सच्या राजाने एलियाला पॅरिसला शिकवायला बोलावलं. तो गेला नाही. ज्या देशात आपल्या लोकांना राहायची परवानगी नाही तिथे एकट्याने मानाने राहायचं त्याला पटलं नाही.

आणि आपल्या माणसांचे बोलही त्यालाच खावे लागले. परधर्मीयांना तोरा (ज्यूंचं पवित्र शास्त्र) शिकवतोस, म्हणून काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याच्यावर तुटून पडले. त्याने लपवाछपवी केली नाही. हो, शिकवतो, असं छापून सांगितलं. आपण भाषा आणि व्याकरण शिकवतो, आणि ज्यांना शिकवलं त्यांनी आपल्या लोकांवर उपकारच केले आहेत, असं त्याचं म्हणणं.

हे ज्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे, त्यातच ती ठिणगी होती. 'मसोरेत हा-मसोरेत', व्हेनिस, 1538. तोवर कित्येक श्रद्धाळू मानत की ठिपकेही मोशेला देवाने शास्त्र दिलं त्या सिनाय पर्वतापासूनचे, निदान प्राचीन शास्त्री एज्राच्या काळचे. एलिया म्हणाला, नाही. ताल्मुद पुरा झाल्यानंतर तिबेरिया या गावच्या ज्यू पंडितांनी ते दिले. त्याचा एक पुरावा मला फार आवडतो. ताल्मुदात गोष्ट आहे की अमालेक या शत्रू जमातीची 'जेखेर', म्हणजे आठवण, पुसून टाकण्याची आज्ञा होती. दावीद राजाच्या सेनापतीने फक्त पुरुष मारले, कारण लहानपणी गुरूने त्याला 'जाखार', म्हणजे नर, असं वाचायला शिकवलं होतं. व्यंजनं तीच, ज-ख-र. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला तशातलीच गोष्ट. सेनापती तलवार उपसून गुरूकडे गेला. एलिया विचारतो ते साधंच आहे: ठिपके तेव्हा असते, तर ही चूक झालीच कशी असती?

हा माणूस नास्तिक नव्हता, शेवटपर्यंत धार्मिक ज्यू होता. पुराव्याने जे दिसलं ते त्याने लिहिलं, इतकंच. पण परिणाम बघा. प्रोटेस्टंट म्हणत, परंपरा नको, धर्मात प्रमाण केवळ धर्मग्रंथ. कॅथलिकांनी त्यांना सुनावलं की तुमचा 'केवळ धर्मग्रंथ' वाचायलासुद्धा माणसांनी दिलेले ठिपके लागतात. बासेलचा योहान बुक्सटॉर्फ 1620 मध्ये ठिपक्यांच्या प्राचीनतेसाठी लढायला उतरला. 1624 मध्ये लुई कापेलने, जो स्वतः प्रोटेस्टंट होता, एलियाचीच बाजू आणखी भक्कम केली. शेवटी 1675 मध्ये स्विस प्रोटेस्टंट चर्चांनी ठिपक्यांना थेट धर्ममताच्या जाहीरनाम्यात घातलं. आज अभ्यासक मोठ्या प्रमाणावर एलियाच्या बाजूने आहेत.

पण मला सर्वांत जास्त हलवतं ते 1540 साल. सत्तरी ओलांडलेला एलिया व्हेनिसहून आल्प्स पार करून जर्मनीतल्या इस्नी गावी गेला. पाउल फागियुस नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्याने तिथे हिब्रू छापखाना काढला होता, त्याला जाणकार हवा होता. तिथे त्याचा 'तिश्बी' हा कोश निघाला, 712 शब्दांचा, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि त्या नावाच्या अक्षरांची बेरीज 712 होते. रब्बींच्या हिब्रूत त्याने शब्द समजावले आणि फागियुसने ते लॅटिनमध्ये आणले. कोश छापून झाल्यावर म्हातारा पुन्हा व्हेनिसला परतला आणि 1549 मध्ये वारला. चारच वर्षांनी, 1553 मध्ये, रोमच्या काम्पो दे' फिओरी चौकात ताल्मुदाच्या प्रती जाळल्या गेल्या.