विकिडेटावर तारीख चढवण्याचे बिनडोकेदुखीचे उपाय

विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड माहितीसंचावर, शिवाजी महाराजांची जन्मतारीख भरायचीय? भरा, फक्त संदर्भाच्या नादी लागू नका. जेधे शकावली (तारीखवार नोंदींचं जुनं साधन) उघडा, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची नोंद शोधा, पी२४८ ('कुठे नमूद') या रकान्यात ती शकावली घाला, वर पानाचा आकडा द्या. हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग. सरळ पी१४३ लावा: 'अमुक विकिपीडियावरून आयात'. रकाना भरलेला दिसतो, काम झालं. उद्या त्याच विकिपीडियाची माहितीचौकट विकिडेटावरून तारीख उचलेल, आणि दोघं एकमेकांना जामीन राहतील.

दिनदर्शिकेकडे तर बघूच नका. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या जुलियन दिनदर्शिकेतली. आजच्या ग्रेगोरियनमध्ये बदलली तर १ मार्च. पण एवढं अलीकडचं साल दिसलं की विकिडेटा आपणहून ग्रेगोरियन निवडतो. निवडू द्या. कुणी शहाण्याने जुलियन लावलंच, तर आरडीएफमध्ये (विकिडेटाची माहिती ज्या साच्यात बाहेर येते त्यात) तारीख ग्रेगोरियन होऊनच बाहेर पडते आणि स्पार्कल या प्रश्नभाषेच्या निकालात १ मार्च झळकतो. लगेच 'विकिडेटा चुकला' म्हणून बोंब ठोका आणि १९ फेब्रुवारी ग्रेगोरियन करून टाका.

नुसतं सालच माहीत असेल तर आणखी मजा. अचूकता ९ म्हणजे वर्ष, ११ म्हणजे दिवस. पण स्पार्कलमध्ये 'डब्ल्यूडीटी:' या नुसतं मूल्य देणाऱ्या उपसर्गाने विचारलं की ती गळून पडते आणि हाती येतो १ जानेवारी. तोच छापा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर निम्मं गाव १ जूनला जन्मतंच की!

आता कुणीतरी महाराजांची दुसरी जन्मतिथी म्हणून शके १५४९ चा वैशाख घेऊन येईल. दोन्ही तारखा आपापल्या साधनासह ठेवून एकीला 'प्राधान्य' द्यायचं, हा भित्रेपणा झाला. नावडतीला 'बाद' दर्जा द्या. पी२२४१ मध्ये कारण लिहायची सक्ती थोडीच आहे? 'डब्ल्यूडीटी:' बाद विधानं गुपचूप वगळतं, त्यामुळे विचारणारंही कुणी नाही. दोन्ही 'सामान्य' राहिल्या तर दोन ओळी येतात. त्यावर 'लिमिट १' रामबाण. पहिली आली ती खरी.

संदर्भ तपासायचाच हट्ट असेल तर 'पी:' या उपसर्गाने विधानाच्या नोडवर (माहितीच्या गाठीवर) जा, तिथून 'प्रोव्ह:वॉजडिराइव्हडफ्रॉम' धरून संदर्भाच्या नोडवर, मग 'पीआर:पी२४८'. तीन उड्या! त्यापेक्षा 'ट्रुथी' डंप, म्हणजे फक्त सर्वांत वरच्या दर्जाच्या विधानांची एकगठ्ठा फाइल, उतरवा. आटोपशीर असतो; त्यात संदर्भ नाहीत, गुणक (विधानाला जोडलेले जादा तपशील) नाहीत, दर्जा नाही. कुणी पुरावा मागितलाच तर यूआरआय (नोंदीचा वेब-पत्ता) तोंडावर फेका. एचटीटीपीने सुरू होतो, आणखी काय हवं?