‘ब्रितार’ फ्रेंचमार्फत आलेलं नाही

पोर्तुगीज भाषेबद्दल एक विधान नेटवर सतत फिरत असतं. ही लॅटिनची लेक. पाचव्या शतकात स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पावर जर्मानिक टोळ्या, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्या, आल्या, राज्य करून संपल्या आणि मागे उरली ती फक्त माणसांची नावं. बाकी चार जर्मानिक शब्द सापडलेच तर ते लढाईचे, आणि तेही फ्रेंचकडून उसने घेतलेले. ऐकायला हे पटतं, पण लॅटिनचं सोडलं तर यातला एकही भाग नीट टिकत नाही.

आधी फ्रेंचचा मुद्दा घेऊ, कारण तोच सर्वांत कच्चा आहे. ‘जार्दिम’ म्हणजे बाग, हा शब्द फ्रेंच वाटेनेच आला, हे मान्य. पण ‘ब्रितार’चं काय? पोर्तुगीज आणि गलिसियन (वायव्य स्पेनमधली तिची सख्खी बहीण) या दोन्ही भाषांत हे क्रियापद आहे: मोडणे, फोडणे, तुकडे करणे. जुन्या इंग्रजीत ‘ब्रेओतन’, आइसलँडिकमध्ये आजही ‘ब्र्योता’, अर्थ तोच. फ्रेंचमध्ये याचा भाऊबंद नाही. तिथलं ‘ब्रिझे’ वेगळ्या मुळाचं आहे. मग फ्रेंचांनी ते दिलं कुठून? रोजच्या स्पॅनिशमध्येही ते उरलेलं नाही. ते टिकलं द्वीपकल्पाच्या वायव्य कोपऱ्यात आणि तिथून दक्षिणेला पसरलेल्या पोर्तुगीजमध्ये. याच कोपऱ्यात सुएवी या जर्मानिक टोळीचं राज्य होतं. ते 409 मध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून आले, आजच्या उत्तर पोर्तुगालमधलं ब्रागा ही त्यांची राजधानी झाली आणि 585 मध्ये व्हिसिगॉथ या दुसऱ्या जर्मानिक टोळीचा राजा लिओविगिल्ड याने ते राज्य गिळलं. सुएवींच्या भाषेतला एकही ग्रंथ हाती नाही, त्यामुळे मूळ रूप तुलनेनेच मांडावं लागतं. पण गॉथिक, म्हणजे गॉथांच्या भाषेतल्या बायबलात मोडण्यासाठी येतं ते ‘ब्रिकन’; म्हणजे ‘ब्रितार’ व्हिसिगॉथांकडून आलं असं दिसत नाही. म्हणून सुएवींकडे बोट दाखवणाऱ्यांचं म्हणणं मला जास्त सबळ वाटतं.

आता ‘लढाईचे शब्द’. ‘ग्वेर्रा’ म्हणजे युद्ध, हा जर्मानिकच. पण ‘ब्रितार’ आज कुठे भेटतं? खाणीत आणि बांधकामावर. खडी फोडणं म्हणजे ‘ब्रितार’, आणि ती खडी म्हणजे ‘ब्रिता’. ब्राझीलमध्ये काँक्रीटसाठी ‘ब्रिता एक’, ‘ब्रिता दोन’ अशी आकारावरून मागतात. मध्ययुगात अर्थ याहून रुंद होता. दारं, हाडं, कायदा, सगळंच या क्रियापदाने मोडायचं. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडणाऱ्या दाढीवाल्या गिधाडाला पोर्तुगीजमध्ये ‘ब्रिता-ओसुश’ म्हणतात, म्हणजे हाडफोड्या. हेच गिधाड आपल्या हिमालयातही आहे.

आणि हे क्रियापद एकटं नाही. चंडोलाला ‘लावेर्का’ म्हणतात, त्याची जुनी इंग्रजी बहीण ‘लावेर्के’. हातमोजा म्हणजे ‘लुव्हा’. गॉथिकमध्ये ‘लोफा’ म्हणजे तळहात. मला सर्वांत आवडतं ते ‘आगासाल्यार’: कुणाला आसरा देणं, उबदार कपड्यात गुंडाळणं. याच्या मुळाशी एकाच घरात राहणाऱ्या सोबत्यासाठीचा गॉथिक शब्द आहे. लढाई सोडून काही मागे ठेवलंच नाही म्हणणाऱ्यांनी हा शब्द जरूर पाहावा.

नावांबद्दल थोडक्यात. नावं उरली हे खरंच, पण त्यापुढे लावलेला ‘फक्त’ चुकीचा. फेर्नांदो, रॉद्रिगो, गोन्सालो ही जर्मानिक नावं. त्यांना ‘एस’ जोडून फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस झाले, आणि 1510 नंतर ही आडनावं गोव्यात घराघरांत पोहोचली.

एका उलट्या दाव्यालाही इथेच अडवायला हवं: गलिसियन आणि पोर्तुगीज म्हणे मुळात जर्मानिकच. तसंही नाही. ‘ब्रितार’ला शेवटी लागलेला ‘आर’ लॅटिनचा आहे. मी फोडतो, तू फोडतोस याला ‘ब्रितु’, ‘ब्रिताश’ म्हणतात, आणि हे प्रत्ययही लॅटिनचेच. शेजारचं ‘केब्रार’, तेही मोडणेच, थेट लॅटिन ‘क्रेपारे’पासून आलेलं. सुएवींनी धातू दिला. तो चालवला लॅटिन व्याकरणाने.